व्हॅलेन्सियाची भिंत आणि रनाळ्याची तागडी

परिषदेचे निमंत्रण माझ्या मुलीला होते. मी केवळ सोबतीला गेलो होतो. ती जलसिंचनाची प्राध्यापक. पांझरा नदीच्या काठी शेकडो वर्षे चालत आलेल्या फड पद्धतीवर तिने एक निबंध लिहिला आणि तो स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे भरणाऱ्या परिषदेत वाचण्यासाठी स्वीकारला गेला. जावईबापूंना रजा नव्हती, सौ.चे गुडघे प्रवासाला राजी नव्हते; तेव्हा निवृत्त आणि रिकामा असा मीच उरलो. नोंदणीच्या टेबलावर माझ्या गळ्यात एक पट्टी अडकवण्यात आली. तिच्यावर माझे नाव आणि त्याखाली ‘सोबतची व्यक्ती’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द होते. छत्तीस वर्षे बँकेत अधिकारी म्हणून वावरलेल्या माणसाला हे पद नवीन होते. पण त्यात एक सोय होती. सोबतच्या व्यक्तीला कोणी प्रश्न विचारीत नाही आणि दिवसभर गाव पाहायला तिला पूर्ण मोकळीक असते.

जूनचा महिना होता. माद्रिदहून वेगवान आगगाडीने सुमारे तीनशे नव्वद किलोमीटरचे अंतर दोन तासांच्या आत कापून आम्ही भूमध्य समुद्राच्या काठच्या या शहरात उतरलो. व्हॅलेन्सिया हे स्पेनमधील तिसऱ्या क्रमांकाचे शहर. तेथे पोहोचल्यावर पहिले नवल वाटले ते नदीचे. शहराच्या मधोमध नदीवरचे जुने दगडी पूल उभे आहेत, पण खाली पाणी नाही. झाडे, हिरवळ आणि खेळणारी मुले आहेत. १९५७ च्या ऑक्टोबरात तुरिया नदीला महापूर आला. त्यानंतर नदीचा प्रवाहच शहराच्या दक्षिणेकडून नव्या पात्रात वळवण्यात आला. कोरड्या पडलेल्या जुन्या पात्रातून मोटारींचा मोठा रस्ता काढण्याचा बेत होता; नागरिकांनी त्याला विरोध केला आणि तेथे काही किलोमीटर लांबीची बाग मिळवली. आपल्याकडे नदीची एवढी जागा मोकळी झाली असती तर तिचे किती सातबारे तयार झाले असते, हा विचार बँकेच्या कर्जविभागात आयुष्य गेलेल्या माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

जेवणाची चिंता आम्ही घरूनच बांधून नेली होती. खाखरे, मेथीचे थेपले, भाजलेले मखाणे असा सगळा शिधा होता. व्हॅलेन्सियाचा प्रसिद्ध भाताचा पदार्थ पाएया. पण अस्सल पाएयात कोंबडी आणि ससा असतो. शाकाहारी म्हणून मागवलेल्या कोशिंबिरीतही माशाचे तुकडे निघाले, कारण मासा हा मांसाहार आहे असे तेथे पुष्कळांना वाटतच नाही. चौविहाराची मात्र गंमत झाली. जूनमध्ये तेथे सूर्य मावळतो रात्री साडेनऊच्या सुमारास आणि उपाहारगृहातील रात्रीची चूल साडेआठशिवाय पेटत नाही. त्यामुळे ‘रात्रीचे जेवण’ घेणारे ते आणि सूर्यास्तापूर्वी पान वाढून घेणारे आम्ही, एकाच वेळी शेजारच्या टेबलांवर बसत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात एका दुकानात दुधासारखे पांढरे, थंडगार ओर्चाता नावाचे पेय मिळाले. दूध नाही, अंडे नाही, मद्य नाही. मी मोठ्या समाधानाने दोन पेले घेतले. मग मुलीने विचारपूस केली तेव्हा कळले की ते चुफा नावाच्या छोट्या कंदापासून करतात आणि तो शहराजवळच्या आल्बोराया गावच्या शेतांत जमिनीखाली पिकतो. जमीनकंद! मुलगी हसू लागली. मी मनातल्या मनात मिच्छामि दुक्कडम् म्हटले आणि तिसऱ्या पेल्याचा मोह आवरला. नकळत घडलेला दोष पटकन आठवतो आणि त्याचे प्रायश्चित्तही सोपे असते, हे मला त्या दिवशी जाणवले. त्याच मुक्कामात पुढे जे आठवले, ते इतके सोपे नव्हते.

गुरुवारी परिषदेचे सारे पाहुणे एका खास गोष्टीसाठी मुख्य चर्चच्या दारी जमले. व्हॅलेन्सियाच्या भोवतालच्या शेतीला तुरियाचे पाणी कालव्यांनी मिळते. हे कालवे अरबांच्या राजवटीपासूनचे. त्यांचे ‘आसेकिया’ हे स्पॅनिश नावही मूळ अरबी आहे. त्या पाण्याच्या वाटपाचे तंटे सोडवण्यासाठी शेतकऱ्यांचे स्वतःचे न्यायालय आहे आणि ते दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला चर्चच्या प्रेषितांच्या दारासमोर उघड्यावर भरते. त्याची परंपरा हजार वर्षांची सांगतात. २००९ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात त्याची नोंद केली. काळे सदरे घातलेले प्रतिनिधी वर्तुळात मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात. हे सारे त्या त्या कालव्यावरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले शेतकरीच. वकील नाही, टंकलेखक नाही. वादी-प्रतिवादी तोंडी बोलतात, कोणी केव्हा बोलायचे हे अध्यक्ष पायाने खुणावून सांगतात, आणि तेथल्या तेथे निकाल दिला जातो. त्यावर अपील नाही.

चर्चच्या घंटेचे बारा ठोके पडले. पितळी आकडी लावलेली काठी घेतलेला शिपाई पुढे झाला आणि त्याने एकेका कालव्याचे नाव घेऊन पुकारा केला: या कालव्यावर कोणाची तक्रार आहे का? उत्तर नाही. पुढचा कालवा. उत्तर नाही. सर्व नावे संपली, प्रतिनिधी उठले आणि निघून गेले. सारा सोहळा काही मिनिटांत आटोपला. जमलेल्या प्रवाशांची थोडी निराशाच झाली.

माझ्या मुलीला मात्र आनंद झाला होता. ती म्हणाली, “बाबा, आपल्या फडात तरी वेगळे काय होते? धरणाशिवाय, सरकारशिवाय, बंधारा घालून गावकऱ्यांनीच पाणी वाटले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी सोडायचे ते पाटकऱ्याने, राखण करायची जागल्याने. शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नाही.” मी विचारले, “पण आज तक्रार एकही नव्हती. मग एवढा थाट कशासाठी?” ती म्हणाली, “तक्रार नसली तरी दर गुरुवारी विचारायचे असते. म्हणून तर तक्रारी कमी होतात.”

हे वाक्य माझ्या मनात अडकून राहिले. तक्रार नसली तरी विचारायचे. आपले प्रतिक्रमण तरी दुसरे काय आहे? दोष आठवो वा न आठवो, सकाळ-संध्याकाळ बसायचे आणि एकेका व्रताचे नाव घेऊन स्वतःलाच पुकारा करायचा.

दुपारी मुलगी परिषदेला परतली आणि मी एकटाच जुन्या गावात शिरलो. तेथे १९२८ साली बांधलेला मध्यवर्ती बाजार आहे. उंच घुमटाखाली शेकडो दुकाने. मांस-मासळीची बाजू टाळून मी फळांकडे वळलो. संत्र्यांच्या राशी होत्या. त्यांचे स्पॅनिश नाव ‘नारान्हा’ ऐकून आपले नारिंग इतक्या लांब येऊन नातेवाइकासारखे भेटल्याचा आनंद झाला. आणि तेवढ्यात एक ओळखीचा वास आला. एका दुकानात वाळलेल्या लाल मिरच्यांच्या माळा टांगल्या होत्या.

मी मूळचा रनाळ्याचा. नंदुरबारहून दोंडाईच्याकडे जाताना लागणारे आमचे गाव. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, शाळेत मराठी, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. आमच्या भागाची ओळख म्हणजे मिरची. हंगामात नंदुरबारभोवती पथाऱ्यांवर वाळत घातलेल्या मिरचीने जमीनच लाल झालेली ज्याने पाहिली आहे, त्याला तो वास जगात कोठेही ओळखता येईल. ही मिरची मुळात आपली नव्हेच. कोलंबस १४९२ साली स्पेनहून निघाला आणि अमेरिकेतून परतताना जे घेऊन आला त्यात ती होती. पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती भारतात उतरली. ज्या पिकावर आमच्या तीन पिढ्यांनी पोट भरले, ते याच देशाच्या दारातून जगात गेले होते. मी एक माळ हातात घेतली. चवीला ती मिरची आपल्यासारखी तिखट नव्हती. पण तिचा वास मला सरळ बाबूजींच्या दुकानाच्या ओट्यावर घेऊन गेला. ती माळ हातात असतानाच समोरची इमारत दिसली.

त्या इमारतीचे नाव लोन्हा, म्हणजे व्यापाऱ्यांची पेढी म्हणा. पंधराव्या शतकात व्हॅलेन्सिया हे भूमध्य समुद्रावरचे भरभराटीचे बंदर होते आणि रेशीम हा तेथील मोठा व्यापार. म्हणून तिला रेशमाची लोन्हा म्हणतात. रेशमाच्या धाग्यामागची जीवहिंसा आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे मी जरा बिचकतच आत गेलो. १४८२ च्या सुमारास पेरे कोम्पते या शिल्पकाराच्या हाताखाली काम सुरू झाले आणि मुख्य दालन पंधरा वर्षांत उभे राहिले. १९९६ पासून ही वास्तू जागतिक वारसा आहे. दालनात शिरताच मान आपोआप वर गेली. दोराला पीळ द्यावा तसे पीळदार दगडी खांब ताडाच्या झाडासारखे वर जाऊन छतात फाकतात. देवळासारखी शांतता, पण ही जागा देवासाठी बांधलेली नव्हती, सौदे करण्यासाठी बांधलेली होती.

चारही भिंतींवर, उंचावर, एक सोनेरी अक्षरांची पट्टी फिरली आहे. लिपी रोमन, भाषा लॅटिन. हातातल्या माहितीपत्रकात तिचा अर्थ इंग्रजीत दिला होता. ती वास्तूच नगरवासीयांशी बोलते आहे. ती सांगते की व्यापार ही चांगली गोष्ट आहे. ज्याच्या जिभेवर कपट नाही, जो शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडत नाही आणि जो आपला पैसा व्याजाने लावत नाही, त्याचा व्यापार. असा व्यापारी संपत्तीने भरून वाहील आणि शेवटी त्याला शाश्वत जीवन लाभेल.

मी ती ओळ दोनदा वाचली आणि व्याजाच्या शब्दापाशी थोडा चमकलो. माझे सारे निवृत्तिवेतन व्याजाच्या व्यवहारातूनच आलेले. शिवाय याच लोन्ह्यात पुढे नगराची पेढी बसत होती. ‘ताउला दे कान्व्हिस’, म्हणजे सराफीचे मेज, १४०७ साली स्थापन झालेली. लोकांच्या ठेवी सुरक्षित राहाव्यात म्हणून नगरानेच चालवलेली बँक. आणि मधल्या मनोऱ्यात दिवाळे काढणाऱ्या व्यापाऱ्यांना डांबत, असे सांगतात. एकाच छपराखाली उपदेश, बँक आणि तुरुंग! त्या लोकांना व्यापाऱ्याची जात चांगलीच ठाऊक होती.

व्याजाच्या शब्दावर आपण रागावण्याचे कारण नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्याला आणि मग दख्खनच्या गावागावांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या वह्या मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांच्या होत्या. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. आपल्या वाडवडिलांनी दुष्काळात धान्य दिले, धर्मशाळा बांधल्या, पांजरपोळ चालवले. हेही खरे आणि तेही खरे. जमेची बाजू वाचताना नावेची बाजू झाकून ठेवणारा हिशोबनीस कोणत्याही बँकेत टिकत नाही.

त्या दालनात एका बाकावर मी बराच वेळ बसून राहिलो. आपल्या तिसऱ्या अणुव्रताचे पाच अतिचार आठवले: चोराला मदत करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यापार करणे, खोटी मापे आणि खोटा तोल वापरणे, चांगल्या मालात हलका माल मिसळणे. पाचांपैकी पाचही दुकानातले. आपल्या शास्त्रकारांनीही व्यापाऱ्याची भिंत लिहूनच ठेवली होती. फक्त ती सोनेरी अक्षरांत नाही. ती रोज म्हणावी लागते. आणि चौथ्या अतिचारापाशी माझे मन थांबले.

१९७१ सालचा हिवाळा असावा. मी बारा वर्षांचा होतो. बाबूजी वसुलीसाठी बाहेर गेले होते आणि दुकानावर मी होतो. जवळच्या पाड्यावरचा एक आदिवासी शेतकरी बायकोसह दोन गोण्या मिरची घेऊन आला. तागडीने तोलायची त्या काळी पद्धत होती. मालाच्या पारड्याखाली करंगळीचा आधार दिला की माल हलका भरतो, हे मी बाजारात पाहून शिकलो होतो. दांडी मारणे म्हणतात ते हेच. ते मला कोणी शिकवले नव्हते आणि बाबूजींनी सांगितले तर मुळीच नव्हते. आपण आता मोठे झालो, धंदा जमतो, एवढे दाखवायचे होते. प्रत्येक तोलाला मी करंगळी लावली. शेतकरी समोर उकिडवा बसून पारड्याकडे पाहत होता. तो काही बोलला नाही. पैसे घेतले, मीठ आणि गूळ घेतला, निघून गेला.

संध्याकाळी बाबूजींनी माल पुन्हा तोलला. साडेतीन किलो जास्त भरला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी अभिमानाने करंगळी वर केली. ते रागावले असते, एक थप्पड दिली असती, तर ही गोष्ट तेव्हाच मिटली असती. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी लाल वही ओढली, त्या शेतकऱ्याच्या नावाखाली ‘मिरची, वाढावा किलो ३॥’ अशी नोंद केली, हात धुतले आणि प्रतिक्रमणाला बसले. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. खोट्या तोलाचा अतिचार आला तेव्हा त्यांचा आवाज किंचित अडखळला, की मला तसे वाटले, हे आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मी तागडीला हात लावला नाही. शिकलो, एम.कॉम. झालो, बँकेत लागलो. बँकेत एक नियम पहिल्याच महिन्यात शिकवतात: दिवसअखेर रोकड कमी भरली तर तो दोष आहेच, पण जास्त भरली तर तोही तितकाच गंभीर दोष आहे. जास्तीची रोकड त्याच दिवशी जाहीर करून वेगळ्या खात्यात ठेवायची असते, कारण एकाचा वाढावा म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी तुटवडा. हा नियम मी कित्येक कनिष्ठांना समजावून सांगितला. समजावताना रनाळ्याची ती वही मला एकदाही आठवू नये, याचे व्हॅलेन्सियाच्या त्या बाकावर मला आश्चर्य वाटले. तक्रार कोणी केली नव्हती. तक्रार नव्हती म्हणून मी दोष नव्हता असे धरून चाललो होतो. शिपायाचा पुकारा मात्र सकाळीच कानावर पडला होता.

परत आल्यावर पर्युषणाआधी मी रनाळ्याला गेलो. दुकान आता चुलतभाऊ चालवतो. माडीवरच्या पेटीत जुन्या वह्या होत्या. दोन दिवस शोधल्यावर ती नोंद सापडली. बाबूजींचे वळणदार अक्षर, शेतकऱ्याचे नाव, पाड्याचे नाव. बँकेच्या सवयीने मी साडेतीन किलोवर पन्नासहून अधिक वर्षांचे चक्रवाढ व्याज काढून पाहिले, आणि लोन्ह्याच्या भिंतीची आठवण होऊन कागद बाजूला ठेवला. पाकिटात जी रक्कम योग्य वाटली ती घातली आणि पाड्यावर गेलो.

तो शेतकरी वारला होता. त्याचा चाळिशीतला नातू भेटला. मी माझे नाव सांगितले, गावातल्या दुकानाची ओळख दिली आणि जे घडले ते सांगून टाकले. तो आधी गोंधळला, मग हसला. अहिराणीत म्हणाला की त्या काळी सगळेच तसे करायचे, त्यात एवढे काय? मग सहज म्हणून पुढे बोलला, “आमचे आजोबा म्हणायचे, घरून निघताना गोणी जड असते, दुकानात गेली की हलकी होते.”

म्हणजे त्यांना ठाऊक होते. पारड्याकडे पाहणारा तो माणूस माझी करंगळीही पाहत होता. त्याची तक्रार होती. ती ऐकायला कोठे खुर्ची मांडलेली नव्हती, एवढेच.

पाकीट त्याने घेतले नाही. थोड्या वेळाने तो घरात गेला आणि चुरगळलेले दोन कागद घेऊन आला. त्याने एकदा दुसऱ्या एका बाजारात विकलेल्या मिरचीची हिशोबपट्टी आणि पीककर्जाचा खातेउतारा. “पैसे राहू द्या, शेठ. एवढे वाचून सांगा, यात कापले किती आणि कशाचे?” आडत, हमाली, तोलाई आणि कडता, असे एकेक आकडे मी त्याला उलगडून सांगितले. कडत्याखाली वजन थोडे कापले होते, तेही गोणीगणिक. करंगळीचे आता नुसते नाव बदलले होते.

तेव्हापासून महिन्यातून एकदा मी नंदुरबारहून रनाळ्याला जातो आणि सकाळी दुकानाच्या ओट्यावर बसतो. पट्ट्या, उतारे, कर्जाचे अर्ज, बेबाकीचे दाखले जे कोणी आणील ते वाचून देतो, चूक असेल तर कोणाकडे जायचे ते सांगतो. चुलतभावाला प्रथम हे आवडले नाही. आता तोच चहा पाठवतो. दुकानातला काटा इलेक्ट्रॉनिक आहे आणि त्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवलेला असतो. ते त्याने आपणहून केले.

वहीतली नोंद मी खोडलेली नाही. तिच्यापुढे जमा-नावे काय लिहावे हे अजून ठरत नाही. ओट्यावर बसलो की मी पहिल्यांदा विचारतो, “काही तक्रार आहे का?” पुष्कळदा नसते. तरी बारा वाजेपर्यंत मी बसून राहतो.